कारण लिहायचा रकाना

कापूस संशोधन केंद्रात मी रुजू झाले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. केंद्र हिंगणघाटच्या रस्त्याला, वस्तीपासून थोडं दूर. पुढे डांबरी रस्ता, मागे प्रयोगाची शेतं आणि मध्ये एक बैठी, पिवळ्या रंगाची इमारत. तिथे चार शास्त्रज्ञ होते. मी पाचवी.

प्रमुख सर उंच, खादी घालणारे, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र वाचलं, आडनावावर क्षणभर थांबले आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. आम्ही गोंड आहोत हे त्यांना आडनावावरून कळलं होतं.

"वा, फार बरं झालं," ते म्हणाले. "तुमच्यातल्या मुली आता पुढे येऊ लागल्या. आपल्याकडे जातबित काही नाही बरं का. दुपारी सगळे एकत्र डबे उघडतात."

मी मान हलवली.

"तुम्ही शेताकडचं बघा. मोजणीचं काम. तुम्हाला उन्हाची सवय असेल. आणि निंदणाच्या बाया तुमच्याशी मोकळ्या बोलतील."

उन्हाची सवय माझ्या आईला होती. मी आठव्या वर्षापासून आश्रमशाळेत आणि नंतर वसतिगृहांत वाढले होते. कीटकशास्त्राची पदवी मी ट्यूबलाइटखाली मिळवली होती, सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून. पण हे सांगायचं कसं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून मी शेतात गेले आणि पुढची सात वर्षं जात राहिले.

काम असं होतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत चालायचं, ठरलेल्या झाडांची पानं, पात्या म्हणजे कळ्या, बोंडं उलटून पाहायची, अंडी आणि अळ्या मोजायच्या, वहीत लिहायच्या. शेतात कामगंध सापळे लावलेले असायचे. त्यात मादीच्या वासाची गोळी ठेवलेली असते, त्या वासाने नर पतंग येऊन अडकतात. ते पतंग मोजायचे. संध्याकाळी वही आत द्यायची. आत थंड खोलीत सूक्ष्मदर्शक होता. त्याच्यावर कोण बसणार याचा कागद कुठेही नव्हता, पण त्याच्यावर मी बसायचं नाही हे ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, असं विचारलं असतं तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितलं असतं की कोणीच नाही.

केंद्रात माझ्याशिवाय एकच बाई होती. सिंदीच्या कापूस व्यापाऱ्याच्या घरची, माझ्याच वयाची, हुशार, हसरी. ती रोज गाडीने यायची. पहिल्याच आठवड्यात तिने माझा डबा ओढून घेतला आणि तिचा माझ्यापुढे ठेवला. तिच्याकडच्या कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या मी तिथे पहिल्यांदा खाल्ल्या. तिने मला गाडीवर मागे बसवून वर्ध्याला नेलं, चष्म्याची काच फुटली तेव्हा नवी घ्यायला. माझं त्या केंद्रात कोणी होतं तर तीच होती. म्हणून पुढचं सगळं लिहिताना मला तिच्याविषयी वाईट लिहायचं नाही.

एकदा जेवताना ती म्हणाली, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस गं. खरंच. तुझी भाषा किती स्वच्छ आहे."

मी हसले. त्या दिवशी मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

पहिल्याच हिवाळ्यात आई आली होती. समुद्रपूरच्या पुढे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. तिथून एसटी बदलत ती आली आणि फाटकाशी उभी राहिली. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. मला पाहून तिने लांबूनच आमच्या भाषेत हाक मारली. इमारतीच्या ओट्यावर सगळे ऊन खात उभे होते. मी तिला मराठीत उत्तर दिलं.

प्रमुख सर खाली उतरले, त्यांनी आईला हात जोडले आणि मला विचारलं, "यांना मराठी समजतं का?"

"समजते ना जी," आईच म्हणाली. "बोलताबी येते. तुम्ही बोलून तं पाहा."

सर मोकळेपणी हसले, सगळे हसले. आईला चहा दिला. तिला सूक्ष्मदर्शक दाखवला, अळीचं डोकं दाखवलं. आई बराच वेळ वाकून पाहत राहिली. परत फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा तिने आमच्या भाषेत विचारलं की मी तिच्याशी परक्यासारखं का बोलले. मी म्हणाले, "इथं काम चालू आहे." हेही मराठीतच म्हणाले. दुपारच्या गाडीने ती गेली. नंतर ती केंद्रात कधी आली नाही. मी बोलावलंही नाही.

शनिवारी बैठक असायची. आठवड्याची निरीक्षणं सांगायची, त्यावर चर्चा. तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. लोक वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या उपटतात आणि जळणासाठी घराशेजारी त्यांचे ढीग लावतात. त्या ढिगांत राहिलेल्या सुकलेल्या बोंडांत अळ्या दडून राहतात. पुढच्या हंगामात पतंग आधी गावाजवळच्या सापळ्यांत दिसतात, दूरच्या शेतांत नंतर. मला हे आधी अल्लीपूरच्या एका निंदणाऱ्या बाईने सांगितलं होतं. मग मी माझ्या वह्या काढून तपासल्या होत्या. तीन हंगाम तेच होतं.

शनिवारी मी ते सांगितलं. माझा आवाज लहान आहे, पण सगळ्यांना ऐकू गेलं असणार, कारण खोली लहान होती. सर "हं" म्हणाले आणि खतांच्या विषयाकडे वळले. चहा आला, गेला. मग माझी मैत्रीण म्हणाली, "सर, गावाजवळच्या पऱ्हाटीच्या ढिगांचं यात काही असेल का? पतंग तिथूनच निघत असतील."

"याला म्हणतात निरीक्षण," सर म्हणाले. त्यांनी पेन उघडलं आणि लिहून घेतलं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, टाळतही नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तो विचार तिला आत्ता सुचला. दुपारी डबा उघडताना ती आनंदात होती. "आज सरांना माझा मुद्दा आवडला ना?"

"हो," मी म्हणाले.

दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही. बोट लावलं तर कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा लागतो. मला त्या दुपारी तसं वाटलं, आणि भूल उतरेल म्हणून मी वाट पाहिली. ती उतरली नाही. वर्षअखेरीच्या अहवालात ढिगांवर एक पान होतं. शेवटी, 'क्षेत्रीय कामात साहाय्य' या ओळीत माझं नाव होतं, शेतमजूर बायांच्या मुकादमाच्या नावानंतर. मी ते वाचलं, पान उलटलं आणि पुढचंही वाचलं.

मी भांडले का नाही, असं नंतर मला एक-दोघांनी विचारलं. भांडायला समोर कोणी वाईट माणूस लागतो. माझ्यासमोर सगळे चांगले होते. मी आजारी पडले तर सर घरी फळं पाठवायचे. त्यामुळे मी बोलायचं कमी केलं, मग जवळजवळ बंद केलं. मोजायची, लिहायची, वही द्यायची. वहीतले आकडे नीट असायचे. तेवढंच मला जमत होतं आणि तेवढ्यात दिवस जायचा.

दोन हजार साल उलटून गेल्यावर सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला माझे डोळे कोरडे होते, बाकी सगळे रडले. नवे प्रमुख बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आले. बुटके, कोरडे, कोणाच्या घरची चौकशी न करणारे. पहिला महिनाभर ते शनिवारच्या बैठकीत काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यात बसून एका वहीत रेघा मारायचे. ते कंटाळून चित्रं काढत असतील, असं आम्हाला वाटलं.

पाचव्या शनिवारी त्यांनी ती वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. कोण किती वेळा बोललं. कोणाला बोलताना कोणी तोडलं. सूक्ष्मदर्शकावर कोण किती दिवस बसलं. शेतात कोण किती दिवस गेलं. प्रत्येकाच्या नावापुढे नुसते आकडे. माझ्या नावापुढे होतं: चार बैठकांत दोनदा बोलल्या, दोन्ही वेळा वाक्य पूर्ण झालं नाही, शेतात रोज, सूक्ष्मदर्शकावर एकही दिवस नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"मी कोणाला दोष देत नाही," ते म्हणाले. "अळ्या मोजतो तसं मोजलं. तुमच्यापैकी कोणाला यातला एखादा आकडा चूक वाटत असेल तर सांगा."

"सर, म्हणजे आम्ही भेदभाव करतो असं म्हणायचंय तुम्हाला?" माझी मैत्रीण म्हणाली. "ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. विचारा तिला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला बरंच काही बोलता आलं असतं. मी एवढंच म्हणाले, "आकडे बरोबर आहेत." ती उठून बाहेर गेली. नळाशी तोंड धुतानाचा आवाज आत येत होता.

तिच्यामागे जावं असं मला वाटलं नाही. जिंकल्यासारखंही वाटलं नाही. समोरच्या भिंतीवर कापसाच्या जातींचा तक्ता होता, तो मी वरपासून खालपर्यंत वाचला.

त्यानंतर केंद्रात पाळ्या लागल्या. शेतात सगळ्यांनी जायचं, सूक्ष्मदर्शकावर सगळ्यांनी बसायचं, बैठकीत यादीच्या क्रमाने बोलायचं आणि समोरच्याचं संपेपर्यंत थांबायचं. लोक कुरकुरले. एकाला उन्हाचा त्रास झाला, त्याने रजा टाकली. माझी पहिली पाळी सूक्ष्मदर्शकावर आली तेव्हा काच जुळवताना माझा हात चुकत होता. सात वर्षांत मी ते विसरले होते. कोणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं.

मग त्यांनी आणखी एक केलं. पुढच्या तीन वर्षांच्या कामासाठी प्रत्येकाने प्रस्ताव लिहायचा होता. प्रस्ताव टंकलेखकाकडून एकसारखे टाइप करून घेतले, वर नावाऐवजी नुसता क्रमांक, नावं एका बंद पाकिटात, आणि ते सगळ्यांत वाटले. स्वतःचा सोडून बाकीच्यांना प्रत्येकाने गुण द्यायचे. मी पऱ्हाटीच्या ढिगांवरच लिहिलं होतं. हंगाम सुरू होण्याआधी गावागावातले ढीग हलवले किंवा जाळले तर पहिले पतंग कमी होतात का, हे पाहायचं.

बेरीज झाली. पाकीट उघडलं. माझा प्रस्ताव पहिला होता. नाव वाचल्यावर जी शांतता झाली ती मला अजून आठवते, कारण त्या शांततेत राग नव्हता, नुसता गोंधळ होता. एक जण म्हणाला, "चांगलं आहे. मार्गदर्शन कोणाचं घेतलं?"

"कोणाचं नाही," मी म्हणाले.

दुपारी मैत्रीण माझ्या खोलीच्या दाराशी आली. पाळ्या लागल्यापासून आम्ही एकत्र जेवत नव्हतो. ती आत आली नाही.

"मी सगळ्यात जास्त गुण दिले त्याला," ती म्हणाली. "मला वाटलं ते नव्या सरांनीच लिहून आमच्यात मिसळलंय. आमची परीक्षा घ्यायला."

"बरं."

"तुझं असेल असं एकदाही मनात आलं नाही. ढिगांवर होतं तरी. माझाच विषय कोणीतरी पुढे नेलाय असं वाटलं मला." ती थांबली. "तो माझा विषय नव्हता ना?"

"नाही."

"तू तेव्हा सांगितलं होतंस?"

"दहा मिनिटं आधी."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "मी अशी नाही गं," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "असं मला वाटत होतं."

तिला जवळ घ्यावं किंवा ओरडावं, यातलं काहीतरी करायला हवं होतं. मी तिला बसायला खुर्ची दिली. ती आत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने तिचा डबा परत माझ्या टेबलावर आणला. आणि अहवालाचं ते जुनं पान दुरुस्त करायचा अर्ज तिनेच लिहून कचेरीत दिला. मला विचारलं नाही. दुरुस्ती झाली. पुरवणी म्हणून एक चिकटपट्टी लावलेला कागद. मी तो पाहिला, बरं वाटायला हवं होतं.

इथपर्यंत मी स्वतःला या गोष्टीत एकाच बाजूला धरून होते.

त्यानंतर काही वर्षांनी आम्हाला दोन संशोधन साहाय्यक घ्यायचे होते. मुलाखतीला आम्ही तिघं: नवे प्रमुख, बाहेरून आलेले एक प्राध्यापक आणि मी. प्रमुखांनी नियम केले होते. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उमेदवार बाहेर गेला की आपापसात न बोलता गुण लिहायचे. आणि गुणांपुढे एक रकाना होता, कारण लिहायचा.

एक प्रश्न असा होता: कामगंध सापळा किती उंचीवर लावाल? एका मुलाने सांगितलं, "पिकाच्या किंचित वर, आणि पिकाच्या वाढीनुसार सापळ्याची उंची बदलत न्यावी." सुरेख मराठी, मध्येमध्ये इंग्रजी. त्याच्यानंतर एक मुलगी आली, अल्लीपूरकडची. इस्त्रीची साडी, तेल लावून घट्ट वेणी. तिची आई वेचणीला जायची हे तिने आपणहून सांगितलं.

"पऱ्हाटी जशी वाढते ना जी, तसा सापळाबी वर वर न्या लागते," ती म्हणाली. "नाई तं पानात दबून जाते. मंग वास फैलत नाई. मी आमच्या वावरात करून पाह्यलं."

ती गेली. मी गुण लिहिले. मुलाला दिले त्यापेक्षा बरेच कमी. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आत्मविश्वासाचा अभाव'. आणि पेन तिथे थांबलं.

ती मुलगी माझ्या डोळ्यांत बघून बोलली होती. एकदाही अडखळली नव्हती. मुलाचं उत्तर मी बाजूला टिपून ठेवलं होतं, तिचंही. दोन्ही टिपणं शेजारी होती. उत्तर एकच होतं. तिच्या उत्तरात उलट एक गोष्ट जास्त होती, करून पाहिल्याची. मला कमी वाटलं होतं ते तिचं 'जी', तिचं 'नाई तं', तिचा 'बी'. ते मी घासून घासून तोंडातून काढून टाकलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्या खोलीत आल्यावर मला लाज वाटली होती. लाजेचे गुण मी तिच्या नावापुढे लिहिले होते.

"माझी चूक झाली," मी म्हणाले.

प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी हिचे गुण तिची बोली ऐकून कमी केले. उत्तर पूर्ण बरोबर आहे."

प्रमुखांनी काहीच आश्चर्य दाखवलं नाही. "खोडा, सही करा आणि काय झालं ते खाली लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. सही केली. प्राध्यापकांनी आपला कागद आधीच प्रमुखांकडे दिला होता. आता ते खाकरले आणि हात पुढे करून म्हणाले, "माझा कागद जरा परत द्या."

ती मुलगी निवडली गेली, तो मुलगाही. ती पहिल्या दिवशी आली तेव्हा तिला कुठे बसवायचं हे विचारायची वेळ आली नाही. पाळीच्या कागदावर तिचं नाव आधीच होतं. पहिल्या आठवड्यात ती सूक्ष्मदर्शकावर बसली. शनिवारच्या बैठकीत ती तिच्याच बोलीत बोलायची. सुरुवातीला दोघे-तिघे ओठ दाबायचे, यादी मात्र तिच्यापाशी थांबायची आणि तिचं संपेपर्यंत पुढे सरकायची नाही. वर्षभराने कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

एकदा शेतातून परतताना तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या गावच्या जी?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मंग तुम्हाले गोंडी येत असन."

"येते," मी म्हणाले. "बोलत नाही फार."

"काऊन?"

आम्ही बांधावरून चाललो होतो. पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती. मी वाकून एक पान उलटून पाहिलं. ती पुढे चालत राहिली, मी मागे. तिच्या पाठीवरच्या पिशवीत त्या दिवसाच्या वह्या होत्या.

नवे प्रमुख काही वर्षांनी बदलून गेले. त्यांच्यानंतर आलेल्यांनी बैठकीतली मोजणी बंद केली. गुण देताना नावं झाकायची पद्धतही एका वर्षी घाईत राहून गेली, ती मी आणि मैत्रिणीने अर्ज करून परत सुरू करून घेतली. पाळ्या तेवढ्या आपोआप टिकल्या. आता त्यांचा कागद मी काढते, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आणि सूचनाफलकाला टाचणीने लावते.